दोन यंत्रं आणि डावा कौल

बाबा,

आज रविवार आहे आणि ऑफिसात मी एकटीच आहे. समोरच्या टेबलावर दोन यंत्रं घरघरतायत. ती थांबेपर्यंत मला त्यांना हात लावायचा नाही आणि दुसरं काही कामही नाही, म्हणून तुम्हाला लिहायला बसले. तुम्ही गेलात त्याला बरीच वर्षं झाली. इतकी वर्षं मी तुमच्याशी असं समोर बसल्यासारखं बोलायचं टाळत आले, कारण बोलायला लागलं की देवळातल्या त्या दुपारपाशी यावं लागतं, आणि मला तिची अजून भीती वाटते.

मी मालवणात नोकरी करते. वारा सुटला, भरती आली, तर समुद्राचं आणि खाडीचं पाणी कुठवर चढेल, याचं गणित करणारं हे एक छोटं केंद्र आहे. किनाऱ्याचा नकाशा आम्ही जाळ्यासारखा चौकोनांत मांडतो आणि एकेका चौकोनातलं पाणी कॉम्प्युटर पुन्हा पुन्हा मोजत राहतो. देवबाग तुम्ही पाहिलं होतंत ना? एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र, मध्ये वाळूची पट्टी आणि तिच्यावर घरं. हे गणित वेळेत संपलं तर तिथल्या माणसांना पोरंबाळं घेऊन निघता येतं. उशिरा संपलं तर तो नुसता आमचा अभ्यास. जुना कॉम्प्युटर आता पुरत नाही म्हणून मोठा सर्व्हर घ्यायचा आहे, आणि दोन कंपन्यांनी आपापलं यंत्र चार दिवस वापरून बघायला दिलंय. दोन्हींत फरक आहे तो प्रोसेसरचा, म्हणजे गणित करणाऱ्या डोक्याचा. पहिल्यात दोन प्रोसेसर आहेत आणि प्रत्येकात चार कोअर, म्हणजे एकूण आठ जण एकदम कामाला लागतात. अगदी नवीन आहे ते. दुसऱ्यात प्रोसेसर दोनच, आणि प्रत्येकात दोन कोअर, म्हणजे सगळे मिळून चार जण. मागच्या बैठकीत मी उभी राहून आठवाल्याची बाजू मांडली. एकाने धावण्यापेक्षा अनेकांनी मिळून ओझं उचलावं, पुढचा काळ त्यांचाच आहे, असं काहीतरी बोलले. बोलताना माझा आवाजही चढला होता. केंद्राच्या साहेबांना ते पटलं आणि त्यांनी पुण्याच्या मुख्य ऑफिसला तसं कळवूनही टाकलं.

तेव्हा एक गोष्ट मला नीट कळली नव्हती. ती मला कळली काकींना समजावून सांगताना. काकी म्हणजे आमच्याकडे चहा करतात, फरशी पुसतात आणि रोज देवबागहून एसटीने येतात त्या. गुरुवारी त्यांनी कप ठेवता ठेवता विचारलं, "बाय, ह्या दोघांतलो बरो खंयचो गो?" मी त्यांना सांगायला लागले. गणिताचे आकडे मेमरीत ठेवलेले असतात आणि प्रत्येकाला ते तिथून आणावे लागतात. दुसऱ्या यंत्रात एकेका प्रोसेसरच्या शेजारी त्याची स्वतःची मेमरी आहे. पहिल्यात आठही जणांना मेमरीकडे जायला वाट एकच.

काकी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "म्हणजे घरात आठ माणसां नि न्हाणी एकच?"

"तसंच म्हणा."

"मगे सकाळी सगळी टॉवेल घेवन रांगेत! कामाक जातली कधी?" आणि त्या इतक्या हसल्या की चहा बशीत सांडला. मीही हसले. दारातून वळून त्या म्हणाल्या, "हसतंय खरा, पण आमच्या दारात पाणी इला तर ह्यो तुझो आठ जणांचो गोतावळो आमका येळार सांगतलो मां?"

शुक्रवारी मी दोन्ही यंत्रांवर पूर्ण किनाऱ्याचं मोठं जाळं चालवलं, आणि काकींनी गमतीत म्हटलं तेच झालं. आठ जण रांगेत उभे राहिले आणि चौघांनी काम संपवून टाकलं. थोडाथोडका फरक नव्हता. आठवाल्याचं उत्तर आलं तेव्हा, खरंच वादळ असतं तर, देवबागेतल्या मागल्या दारांना पाणी लागलेलं असतं. मग मी घाबरून लहान जाळं घेतलं, एवढ्याशा खाडीच्या तोंडाचं. त्यात आठवाला असा सुटला की दुसरा दिसेना. कारण साधं आहे. प्रोसेसरच्या पोटात थोडी जागा असते, लहान जाळं तिथेच मावतं, मेमरीकडे जायची कुणाला गरजच पडत नाही. साहेबांनी दोन्ही निकाल पाहिले. चष्मा काढून पुसला. म्हणाले, "मॅडम, सोमवारी पुण्याची माणसं येतायत. आपण लहान जाळ्याचे आकडे दाखवू. ते काही खोटे नाहीत." मला सगळ्यात जास्त धडकी भरली ती याची, की ते खरंच खोटे नाहीत. पुढे जरा हळू म्हणाले, "तुमचं काँट्रॅक्टही पुढल्या महिन्यात संपतंय ना? माझं हसं करू नका."

त्या क्षणी मला तुमची बोटं दिसली. आपल्या गावच्या देवळाचे गुरव तुम्ही. दोन पाकळ्या पाणी लावून देवाच्या अंगावर चिकटवायच्या, उजवीकडे एक, डावीकडे एक. आधी उजवी पडली तर होय, डावी पडली तर नको, तोच देवाचा कौल. गावातलं लग्न असो, विहीर असो, माणसं तुमच्या त्या दोन बोटांकडे बघत बसायची. मी बारावी झाले आणि कोल्हापूरला कॉम्प्युटर शिकायला जाते म्हणाले, तेव्हा घरात कॉलेजची पायरी कुणीच चढलेलं नव्हतं. थोरले काका म्हणाले, "आमचा तुमचा कित्याक? देवाक इचार." मी खांबाआड उभी आहे. तुम्ही पंच्याला हात कोरडे करता, मग एकाच तांब्यातलं पाणी, एकाच बोटाने, दोन्ही पाकळ्यांना. गाऱ्हाणं घालताना तुमचा आवाज नेहमीसारखा येत नाही. सगळे "व्हय महाराजा" म्हणतात. किती वेळ गेला कोण जाणे. मग डावी पाकळी सुटते आणि देवाच्या पायाशी पडते. काका उठतात, धोतर झटकतात. "झाला. मिटला."

घरी येताना मी रडत तुम्हाला म्हटलं, "बाबा, तुमच्या हातात होतं. डावीला थोडं पाणी जास्त लावलं असतं, ती चिकटून राहिली असती, तर कुणाला कळलं असतं?" तुम्ही वाटेत थांबलात. कधी हात न उगारणारे तुम्ही, मला वाटलं आता मारणार. "माझ्या हातात होता म्हणानच केलंय नाय," म्हणालात. घराच्या बेड्यापाशी, कुंपणाच्या फाटकाशी, आल्यावर म्हणालात, "डावो पडलो तो डावोच. गावाक मी तसाच सांगतलंय. पण तू जा. ह्यो कौल मी पाळूचंय नाय." तुमचा चेहरा तेव्हा पांढरा पडला होता. मला आनंद इतका झाला की तो चेहरा मी पाहिला आणि विसरले.

तो मला नंतर आठवला. दर रविवारी तुम्ही कसालच्या बाजारातल्या बूथवरून हॉस्टेलला फोन करायचात, आणि एकाच फोनमध्ये तीन-तीनदा विचारायचात, "बरी आसस मां? खराच बरी आसस?" मी कंटाळायचे. आईने पुढे सांगितलं की रोज पूजा झाल्यावर तुम्ही गाऱ्हाण्याच्या शेवटी एक वाक्य जोडायचात: "जा काय करूचा असात ता माका कर, चेडवाक नको." चेडू म्हणजे पोर, म्हणजे मी. मी दुसऱ्या वर्षाला असताना तुम्हाला ताप आला आणि उतरलाच नाही. डॉक्टर म्हणाले, लेप्टो आहे, भातशेतीत उघड्या पायांनी उतरणाऱ्या कुणालाही होतो. मला ते समजतं. मी शास्त्र शिकलेय, चार लोकांना समजावूनही सांगते. पण तेराव्याला पडवीत काका कुणाला तरी म्हणत होते, "डावो कौल मोडलो, मगे दुसरा काय होतला?" ते मी आतून ऐकलं, आणि तेव्हापासून अंगात एक थंड जागा आहे ती आहेच.

म्हणून आज पुन्हा मोठं जाळं लावलंय. दोन्ही यंत्रांना तोच किनारा, तोच वारा, तीच भरती. सुरू एकदम केली, खोलीतला पंखासुद्धा दोघांच्या मध्ये ठेवला. वीज जाईल म्हणून जीव मुठीत धरून बसले होते, गेली नाही. आता लिहिता लिहिता चारवालं थांबलंय. आठवालं अजून मोजतंय, आणि मी त्याच्याकडे बघतेय तशी बहुधा माणसं तुमच्या पाकळ्यांकडे बघायची.

मध्येच उठून साहेबांना फोन केला. नंबर दोनदा चुकला.

"सर, मोठ्या जाळ्यावर पुन्हा तेच आलं. मी बैठकीत चुकीचं बोलले होते."

पलीकडे टीव्ही चालू होता. तो बंद झाला. "मग उद्या त्यांच्यासमोर हे तुम्हीच सांगा. मी नाही सांगणार. आणि पुढचं मला विचारू नका."

"हो सर. यंत्र कुठलं घ्यायचं ते तुम्ही ठरवा. आकडे मात्र मोठ्या जाळ्याचे सांगेन."

फोन ठेवला गेला. उद्या काय होईल ते मला माहीत नाही. आईला अजून काही सांगितलेलं नाही.

एक गोष्ट मात्र तुम्हाला सांगते, ती दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही. सकाळी यंत्रं सुरू करायच्या आधी मी दार लोटून घेतलं आणि त्यांच्यासमोर हात जोडून तुमचं गाऱ्हाणं म्हटलं. कधी पाठ केलं नव्हतं, तरी सगळं आलं. थांबले तर मागून मोठ्याने "व्हय महाराजा!" मी किंचाळलेच. विसरलेला डबा न्यायला काकी आल्या होत्या, दार ढकलून उभ्या, अगदी गंभीर. "बरा केलंस गो बाय," म्हणाल्या, "पण शेवट खंय केलंस? अर्ध्यातच थांबलंस." त्यांना कसं कळलं, कोण जाणे. तुम्ही जोडायचात ते वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. देवबागेतल्या माणसांसाठी ते म्हणावं असं मला खरंच वाटलं होतं. पण ते मी म्हटलं नाही, बाबा. मला भीती वाटली, कुणी खरंच ऐकलं तर.