परतीची गाठ

२ डिसेंबर

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. तुझा खोकला कसा आहे? मागच्या पत्रात एका ओळीत खोकला लिहिलास आणि पुढच्याच ओळीत पहाटे विहिरीच्या गार पाण्याने आंघोळ करतोस म्हणून फुशारकी मारलीस. आता तू मिशनच्या शाळेत मास्तर झालास, तेव्हा मी रागवत नाही. पण पाणी तापवून घेत जा.

तुझा प्रश्न पोचला. मिशनने तुला आणखी पाच वर्षं राहणार का म्हणून विचारलंय, नव्या वर्षाच्या आत कळवायचंय, आणि तू लिहितोस, "ताई, तू सांगशील तसं." वा रे वा! लहानपणी माझी एक गोष्ट ऐकली नाहीस आणि आता ही एवढी मोठी माझ्या गळ्यात घालतोस. त्याचं बघू. आधी खोक्याचं सांगते.

नाताळच्या सणाचा खोका आज सकाळी पोस्टात दिला. हे पत्र आधी पोचेल, खोका मागून रमतगमत येईल. गेल्या रविवारी उपासना झाल्यावर मंडळीतल्या बायका चर्चच्या मागच्या खोलीत जमल्या होत्या. सेवेला दूर गेलेल्या आपल्या माणसांपैकी प्रत्येकासाठी एक खोका. पाळकबाईंचा नियम दरवर्षीचाच : दुकानाची पायरी चढायची नाही. घरात पडून आहे त्यातूनच द्यायचं आणि त्याला आपला हात लागलेला हवा. मावशीने जुना स्वेटर उसवून तुझ्यासाठी पायमोजे विणलेत. एक दुसऱ्यापेक्षा चांगला बोटभर लांब आहे. दाखवलं तर म्हणते, "त्याचे पाय तरी कुठे सारखे आहेत?" आता मावशीशी कोण वाद घालणार!

अंगणातल्या फुलांचं बी पुड्यांत बांधलंय. रविवारच्या शाळेतल्या पोरांनी तुझी चित्रं काढलीत. निम्म्यांनी तुला पाहिलेलंच नाही, त्यामुळे काहींनी तुला पांढरी दाढी दिलीय. मी शिवणातल्या चिंध्या जोडून कापडाची सापशिडी केली, सोंगट्या म्हणून बटणं. मळली की धुता येईल. आणि पाकिटं. पाळकबाईंची कल्पना. प्रत्येकावर कधी उघडायचं ते लिहिलंय : "घरची आठवण आली तर", "कंटाळा आला तर", "पोरांनी डोकं खाल्लं तर". या शेवटच्या प्रकारची जरा जास्तच केलीत. आत दोन-चार ओळीच आहेत, पण मंडळीतल्या प्रत्येकाच्या अक्षरात. सगळी एका दिवसात फोडू नकोस. तू फोडशील, मला माहीत आहे.

एरवी खोका मीच बांधते. यंदा नाही. कोणी बांधला ते सांगायला मला बंदी आहे.

पण तू खोका हलवून बघ. आवाज येणार नाही. पायमोज्यांत बियांच्या पुड्या, पुड्यांच्या फटीत बटणं, कोपरे कागदाचे बोळे ठासून भरलेले. अशी बांधणी आपल्या ओळखीत एकच माणूस करतो आणि त्याचं निम्मं आयुष्य मालाच्या गोदामात गेलं. बघ, नाव घेतलं नाही. बंदी पाळली.

झालं असं. परवा खोका टेबलावर ठेवून मी एका गिऱ्हाइकाच्या पँटी आखूड करत बसले होते. बाबा जाता जाता थांबले. खोका उचलून कानाशी हलवला. म्हणाले, "हे काय, खुळखुळा पाठवतेयस?" मी म्हटलं, मला एवढंच जमतं. तर खुर्ची ओढून बसले आणि सगळं बाहेर काढलं. पायमोजे हातात घेऊन बराच वेळ बघत होते. मावशीचं विणकाम बघत होते असं आपण म्हणू.

तू गेल्यापासून त्यांनी तुझं नाव घेतलेलं नाही, हे तुला माहीत आहेच. तू जायचं ठरवलंस तेव्हा त्यांनी "आमचं काय?" एवढंच विचारलं होतं. तेव्हापासून तोंडाला कुलूप. पण तुझं पत्र आलं की मी ते स्वयंपाकघरात मोठ्याने वाचते, भिंतीला वाचून दाखवल्यासारखं. बाबा बाहेरच्या खोलीत पेपर धरून बसतात. माझं वाचन संपेपर्यंत पेपरचं पान उलटत नाही.

त्या एका खोक्याला त्यांना अख्खी दुपार लागली. का लागली, हेही सांगायचं नाही असं मला बजावलंय. ही बंदी मात्र मी मोडतेय.

त्यांचे हात थरथरतात, धाकट्या. उन्हाळ्यापासून. आधी चहा बशीत सांडायचा, आता कपही धरवत नाही. डॉक्टर म्हणाले, औषधाने थोपेल, बरं होणार नाही. शर्टाची बटणं लावताना घामाघूम व्हायचे, म्हणून मी सगळ्या शर्टांना आतून दाबली की चिकटणारी व्हेल्क्रोची पट्टी लावली आणि वरून बटणं नुसती शोभेला शिवली. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. डॉक्टरकडून येताना एकदाच म्हणाले, "कोणाला कळवायचं नाही. कीव करत कोणी दारात यायला नको."

संध्याकाळी त्यांनी खोक्याला दोरी बांधली. मी पाहिलं तर गाठ कसली, नुसता फास, आणि एक टोक लोंबतंय. मला वाटलं, गेलं, हातात जोर राहिला नाही. ते तोंड धुवायला गेले तशी मी घाईघाईने त्यावर दोन घट्ट गाठी मारल्या. त्यांना कळू नये म्हणून टोकंही आत खुपसली. त्यांच्या नजरेतून सुटतंय होय! आले आणि ओरडले, "पक्की कशाला मारलीस? परत यायचंय त्याला!"

तेव्हा कुठे मला त्या गाठीचं आठवलं.

सुट्टीत तू त्यांच्याबरोबर गोदामात जायचास, तेव्हा गाठींचं मी काय सांगणार तुला. मला आपलं शिवणाचं कळतं. जो माल कायमचा जातो त्याला पक्की गाठ, घेणाऱ्याने कापायची. जी पेटी परत यायची असते तिला परतीची गाठ, टोक ओढलं की सुटते आणि दोरी अख्खी राहते. तूच मला एकदा खिडकीच्या गजाला बांधून दाखवली होतीस. मी विसरले होते.

आणि मग तुझी ट्रंक आठवली. तू निघालास तेव्हा एक शब्द न बोलता ती त्यांनीच बांधली होती. पहिल्याच पत्रात तू लिहिलंस, "दोरी सुटेना, शेजाऱ्याचा चाकू आणून कापली." गाठ पक्की होती, हे मात्र लिहिलं नाहीस. मला वाटलं प्रवासाची कटकट सांगतोयस. तुला काय वाटलं असेल ते आज कळतंय. त्या दिवशी माझं वाचन संपलं तरी बाबांच्या पेपरचं पान उलटलं नव्हतं, ते का हेही आज कळतंय.

ते माझ्या गाठी सोडवत बसले. बोटं ऐकत नव्हती. मी पुढे झाले तर हात झटकला. मग थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता म्हणाले, "नखं दे तुझी." मी सोडवल्या. त्यांनी पुन्हा फास घातला, घसरला, पुन्हा घातला. शेवटी मी वर बोट धरलं तेव्हा कुठे बसला. मला रडू आलं. "सर्दी झालीय," म्हटलं. "हो, हवाच तशी आहे," म्हणाले.

आता तुझा प्रश्न. ये, असं मी लिहिणार नाही. तिथली पोरं तुझ्या हाताखाली लिहायला शिकतायत, त्यांच्यातून तुला ओढून आणायचा हक्क मला नाही. राहिलास तर दरवर्षी खोका येईल आणि इथलं मी निभावेन, हे तोंडदेखलं म्हणत नाही. तू यावंस असं मला वाटतं का? वाटतं. रोज वाटतं. पण हातांचं ऐकून कीव करत येणार असशील तर येऊच नकोस, बाबा पहिल्या दिवशी ओळखतील. त्यांनी जे म्हटलं ते मी तुला जसंच्या तसं सांगितलं. ठरव तू.

फक्त खोका आला की चाकू शोधू नकोस. टोक ओढ.

हे लिहिते तोवर बाबा दारात येऊन उभे राहिलेत. "काय लिहितेस एवढं?" म्हटलं, खोक्यात काय काय आहे ते. जरा वेळ घुटमळले. म्हणाले, "दोरीचं लिही. चांगली आहे ती, फेकायची नाही. आणि पोस्टाने परत पाठवू नकोस, म्हणावं. पोस्टात हरवते."

तुझी वाट पाहणारी,
आणि एकटीच नव्हे,
ताई