ढिगाने मान उचलली

होल्ट, शुक्रवार, १५ एप्रिल १९८३

चि. लिल्या हिस आजीचे आशीर्वाद.

हे पत्र लिहिण्याचे कारण एकच. मंगळवारच्या वादळात टेलिफोनची तार तुटली आहे, आणि माझा आवाज आठवडाभर ऐकू आला नाही तर तुझे वडील बचाव पथक पाठवतील. त्यांना सांग की मी जिवंत आहे, घरात तेल आहे, खारवलेले मटण आहे, फक्त कॉफी जपून पिते. शेजारचा बेर्गुर उद्या बर्फावरची स्कूटर घेऊन डोंगराखालच्या गावात जाणार आहे. हवामान खात्याला बर्फापावसाचे आकडे एरवी मी फोनवर सांगते, तेही लिहून त्याच्याबरोबरच पाठवते. शाळेतून निवृत्त होऊन अकरा वर्षे झाली, पण या कामातून मला कोणी निवृत्त केलेले नाही. एकतीस वर्षांत एक सकाळ चुकलेली नाही.

आता पुढचे नीट वाच. काल सकाळी नऊ वाजता मी नेहमीप्रमाणे पायरीवरून बर्फ मोजायची काठी वाचली, एक्केचाळीस सेंटिमीटर लिहिले आणि पर्जन्यमापक रिकामा करायला निघाले. वाऱ्याने कुरणभर बर्फाचे ढीग रचले होते. दम लागला म्हणून एका ढिगावर हात टेकायला गेले, तर त्या ढिगाने मान उचलली.

लिल्या, ते हंस होते. समुद्र ओलांडून आलेले, वादळाने खाली उतरवलेले, पाठीवर बर्फ घेऊन बसलेले शेकडो हंस. एकाने मान काढली, मग शेजारच्याने, मग सगळे कुरणच उठून माझ्याकडे पाहू लागले. त्या पहिल्याच्या श्वासाची वाफ माझ्या मनगटाला लागली. चाळीस वर्षे मी मुलांना पक्ष्यांचे स्थलांतर शिकवले, फळ्यावर बाण काढले. बाणाला ऊब असते हे मला ठाऊक नव्हते. किती वेळ उभी होते सांगता येत नाही. पर्जन्यमापक तसाच राहिला.

बेर्गुर दूध घेऊन आला तेव्हा त्याला सांगितले. तो म्हणाला की बाई, आज हंसाला बर्फ समजलात, उद्या मला खांब समजून अंगावर कपडे वाळत घालाल. तिसरीत दोनदा बसलेल्याने मला अक्कल शिकवू नये, असे मी त्याला ऐकवले.

जेवत जा. माझ्यावर आणि तुझ्या बापावर माया असू दे.

तुझी आजी,
स्टाइनून


रेक्याविक, सोमवार, १८ एप्रिल

ती. आजीस लिल्याचा सा. न. वि. वि.

पत्र आज सकाळी आलं. बचाव पथक रद्द. हंसांचा भाग बाबांनी मला दोनदा वाचायला लावला, आणि मग उगाचच खिडकीशी जाऊन उभे राहिले.

आता रागावू नकोस. मी वाचून दाखवलं, कारण त्यांना तुझं अक्षर लागत नव्हतं. आजी, तुझ्या ओळी एकमेकींवर चढल्यात. समासाबाहेर गेलेल्या एका अक्षरासाठी जिने मला अख्खं पान पुन्हा लिहायला लावलं, तिचं पत्र पार कागदाबाहेर चाललंय. नाताळात पाठवलेल्या स्वेटरची एक बाही निळी आहे, एक काळी. मी मैत्रिणींना फॅशन म्हणून सांगते. आणि तो हंस हातभर अंतरावर होता गं. हातभर!

म्हणून तू मला विचारायचीस तसंच सरळ विचारते. पायरीवरून तुला काठी दिसते का? कड्यावरचा बर्फ गावावर कोसळण्याची भीती आहे की नाही, हे त्या आकड्यांवरून ठरतं. तूच शिकवलंस.

बुधवारी, हिवाळ्याच्या शेवटच्या रात्री, शकुनाची पाण्याची बशी बाहेर ठेवायला विसरू नकोस. उन्हाळ्याची भेट म्हणून चॉकलेट पाठवतेय, बेर्गुरला देऊ नकोस. राग हवा तेवढा कर, माया मात्र पातळ करू नकोस.

(या पत्रापर्यंत तरी) तुझी लाडकी
लिल्या


होल्ट, गुरुवार, २१ एप्रिल, उन्हाळ्याचा पहिला दिवस

चि. लिल्या हिस आशीर्वाद.

रागावले होते. मंगळवारची सगळी संध्याकाळ. आता नाही.

तुझे पत्र मला यॉरुनने, म्हणजे बेर्गुरच्या बायकोने, वाचून दाखवले. यातच तुझ्या प्रश्नाचे उत्तर आले. हे पत्र मी ओळीखाली पट्टी धरून लिहिते आहे.

काल सकाळी पायरीवरून पाहिले तेव्हा मनात पंचेचाळीस आले. आले, दिसले नाही. मग काठीपर्यंत चालत गेले, हातमोजा काढला आणि खाचा बोटांनी मोजल्या. त्रेसष्ट. पुन्हा मोजल्या. त्रेसष्टच. नोव्हेंबरात एका धुक्याच्या सकाळी मी पहिल्यांदा आदल्या दिवसाच्या आकड्यात अंदाजाने दोन मिळवले होते. धुके गेले, सवय राहिली. शेजाऱ्याच्या वहीत पाहून उत्तर लिहिणाऱ्या मुलांना मी बाकावर उभे करत असे. हा सगळा हिवाळा मी आदल्या पानात पाहून लिहिला.

बेर्गुरला लगेच गावात पिटाळले आणि तिथल्या फोनवरून खात्याला कळवले: आज त्रेसष्ट, बारा नोव्हेंबरपासूनचे बर्फाचे आकडे धरू नयेत, चूक माझी. संध्याकाळी तो परत आला तेव्हा पहिल्यांदाच त्याला थट्टा सुचत नव्हती. म्हणाला की कड्याखालच्या नऊ घरांतली माणसे शाळेत हलवली. कडा अजून उभा आहे. कोसळलाच तर रिकाम्या घरांवर कोसळेल.

आज पहाटे बशीत बोट घातले, ते पाण्यात गेले नाही. हिवाळा आणि उन्हाळा एकत्र गोठले. आता जुन्या समजुतीप्रमाणे यंदा दुधावर जाड साय येणार म्हणून यॉरुन खूश आहे. मी शास्त्राची शिक्षिका, पण मीही हसले.

आठवडाभर कुरणातच राहिलेले हंस उजाडताच उठले. सगळे एकदम. पांढरे पांढऱ्यात गेले, मला काही दिसले नाही. पण पंखांचा वारा तोंडावर आला, पायाखालची पायरी थरथरली आणि डोक्यावरून शेकडो तुताऱ्या गेल्या. एवढे मोठे काही माझ्या इतक्या जवळून कधी गेले नव्हते. यॉरुन मोजत होती. दोनशेच्या पुढे तिची मोजणी चुकली. कितीसे असतील, तीनशे लिहू का, असे तिने विचारले. मी सांगितले की अंदाज लिहायचा नाही.

रस्ता उघडला की डोळे दाखवायला येते. विमानतळावर तो स्वेटर घालून ये, तुझी फॅशन जवळून पाहायची आहे. तू विचारलेस म्हणून तुझ्यावरची माया घट्टच झाली आहे. तुझीही तशीच राहो.

तुझी आजी,
स्टाइनून

ता. क. आज यॉरुनच्या हाती दिले ते असे: वह्या एकतीस, शेवटच्या वहीत बारा नोव्हेंबरपासून बर्फाच्या रकान्यावर पेन्सिलची रेघ. पर्जन्यमापकाची काचनळी. तापमापकाच्या पेटीची किल्ली. काठी जागेवर आहे, तिच्यापर्यंत चालत जायचे. अर्धे चॉकलेट बेर्गुरला. यॉरुनच्या अक्षरातली पहिली नोंद, तिने वाचून दाखवली तशी: बर्फ एकसष्ट. हंस मोजता आले नाहीत.