सोंग उतरवायची जागा

३ फेब्रुवारी
माझ्या गावाहून, रुम्फीहून, दिवसभराचा बसप्रवास, पण शीण असा नाहीच. टेकडीवरच्या नव्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या भिंतींना अजून ताज्या रंगाचा वास आहे. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिलीच, आणि पहिलीच नोकरी इतक्या मोलाची! देशात डॉक्टर पुरत नाहीत म्हणून यंदा इथे तीसऐवजी एकशेवीस मुलं घेतली आहेत. रुग्णालयात खाटा मात्र चाळीसच. एकाच आजाऱ्याचं पोट तीस जणांनी दाबलं की तो पळूनच जातो. म्हणून गावकऱ्यांना आजारी माणसाचं सोंग घ्यायला शिकवायचं, हे माझं काम. प्रमुख डॉ. चिसाले म्हणाले, मॅडम, तुमच्या खोट्या रोग्यांवरच आमचे खरे डॉक्टर घडायचेत.

७ फेब्रुवारी
बारा माणसं मिळाली. प्रत्येकाला एक आजार, एक नाव आणि चार वाक्यं लिहून दिली. फालेसीआजीला हृदयाचा आजार दिला, सोंगातलं नाव एस्नाती. आजी एकटीच राहते. नवरा, मुलं, सगळे गेले. विद्यार्थ्यांनी नाडी पाहिली तेव्हा आजी खुदकन हसली. म्हणाली, नऊ वर्षांत कुणी मनगट धरलं नव्हतं, आता तुझी पोरं मागणी घालायला आल्यासारखी रांग लावतात!

बिलियाती म्हातारा मुखवट्याच्या नाचातला. त्याने विचारलं, बाई, सोंग उतरवायची जागा कुठंय? त्यांच्यात नाच झाल्यावर राईत जाऊन मुखवटा काढतात, अंग धुतात आणि आपलं माणूस खऱ्या नावाने हाक मारतं. मगच घरी. मी म्हटलं, रोग्याचा झगा खुंटीला टांगा आणि जा. तो म्हणाला, शिकलेल्यांचं काम भारी सोपं बुवा.

संध्याकाळी एकटीने मक्याच्या पिठाची न्सिमा खाल्ली. इथे मी सगळ्यांची मॅडम. तेम्वानी हे माझं नाव कुणाला ठाऊकही नाही.

१६ फेब्रुवारी
आज सुट्टी, तरी फालेसीआजी बाकावर बसून धापा टाकत होती. म्हटलं, आजी, पुरे आता. ती म्हणाली, मी काही करत नाहीये गं. तिच्या पायावर अंगठा दाबला. खळगा पडला, भरेना. दुखल्यासारखं तोंड करायला मीच शिकवलं होतं. पण सुजेचं सोंग आणता येत नाही.

१९ फेब्रुवारी
आजीला दाखल केलं. डॉक्टरांना तिने माझीच चार वाक्यं सांगितली, शब्द न् शब्द. फालेसीआजी अशी हाक मारली तर बघेना. एस्नाती म्हटल्यावर मान वळली. डॉ. चिसाले म्हणतात, म्हातारपण, योगायोग.

२१ फेब्रुवारी
आजी गेली.
बिलियातीकडे गेले. तो रोज ओढ्यावर अंघोळ करतो, मग बायको त्याला नावाने हाक मारते. बाकीच्यांनाही घरी कुणीतरी हाक मारतंच. आजीला हाक कोण मारणार होतं?

२४ फेब्रुवारी
उद्या महाविद्यालयाची सरकारी तपासणी. सोंगाच्या रोग्यांवरची मुलांची परीक्षा नीट झाली नाही तर मान्यता मिळणार नाही, एकशेवीस मुलं घरी. लकव्याचं सोंग घेणारी बाई भीतीने निघून गेली. तिच्या जागी मी बसणार. नाव सालोमे. उजवा हात उचलवत नाही, शब्द सापडत नाहीत — मीच लिहिलंय.
बिलियाती म्हणाला, बसू नकोस पोरी, तुला हाक मारायला इथे आहे कोण? म्हटलं, तुम्ही मारा. तो म्हणाला, आपल्याच माणसाने मारावी लागते.
बाबांना फोन करेन.

२५ फेब्रुवारी, दुपार
मान्यता मिळाली.
तीस जणांनी माझा हात उचलून सोडला. तीसही जण म्हणाले, लकवा. हात धुतला. जडच. डाव्या हाताने लिहितेय —

बाबांना फोन. माझं नाव घ्या, एवढंच म्हणायचं — तोंडातून तीच वाक्यं. हात उचलवत नाही. शब्द सापडत नाहीत. बाबा हसले. शेजाऱ्यांना ओरडून म्हणाले, ऐका रे, आमची डॉक्टरीण रोग्याची नक्कल कशी करते! मी डॉक्टर नाही बाबा — मी —

पुन्हा लावला. पुन्हा डॉक्टरीण —

कुणी नाही तर मीच. लिहायचं, मोठ्याने वाचायचं. माझं नाव सालो —