पाटाकडची बाजू

नेवासा,
शनिवार, २५ ऑक्टोबर २०२५

प्रिय स्नेहल,

सलाम. आमच्या चर्चच्या सलामाला तू दरवेळी हसतेस, म्हणून तुझ्यापुरता नमस्कारही. माहेरी भाऊबीज छान झाली असेल. समर्थनं ओवाळणीत काय घातलं? साडी असेल तर रंग कळव, बूट असतील तर लपवून ठेव, सासूबाई बघतील. संस्कृतीला माझा पापा दे आणि फटाक्यांपासून लांब ठेव.

फोन असताना ताई पत्र कशाला लिहितेय, असं तू आता म्हणत असशील. काल तीनदा फोन लावला. तीनही वेळा तू आधी विचारलंस, "ताई, गुडघा कसा आहे?" आणि मी "बरा आहे" म्हणून ठेवून दिला. समर्थ कांद्याचा टेम्पो घेऊन मार्केटला आलाय, दुपारी परत पारनेरला निघेल. त्याच्या हाती हे देते. तोपर्यंत लिहून झालंच पाहिजे.

इकडे सगळं ठीक. आमच्या नवरोबानं, इमॅन्युएलनं, दिवाळीच्या सुट्टीत घराला रंग द्यायला काढलाय आणि स्वतःलाही निम्मा फासून घेतलाय. हंगामाच्या सणाला चर्चमध्ये आणखी सात जणांनी देणगीसाठी नावं दिली. बेचाळीस किलोमीटर पूर्ण केले तर दर किलोमीटरमागे इतके रुपये, असं पाळकांनी व्यासपीठावरून वाचून दाखवलं, तेव्हा सगळे माझ्याकडे बघत होते. तुमच्या मारुतीच्या पारावरही तेच झालं म्हणे. जानेवारीत आपण नगरला मॅरेथॉन पळलो की वस्तीवरच्या नऊ पोरांना शाळेत आणायला गाडी येणार, हे आता सगळ्या गावानं धरूनच चाललंय. जूनमध्ये त्यांच्या डोळ्यांसमोर बिबट्यानं शेळी उचलली, त्यानंतर त्यातली चार शाळेत आलेलीच नाहीत. त्यांची नावं मी रोज हजेरीत वाचते आणि रोज 'गैरहजर' लिहिते.

ऑगस्टमध्ये पिंजऱ्यात एक सापडला, वनखात्यानं नेला आणि सगळे म्हणाले, गेलं संकट. तेव्हाच सासूबाईंनी तुला परवानगी दिली, त्यांच्या त्या अटीवर. आठवतं? "पळायचं तं पळा, पन उजाडायच्या आत घरात पायजे. गावानं सुनंला चड्डी घालून पळताना पाह्यलं न्हाई पायजे." आपण दोघी किती हसलो होतो. ट्रॅक पँटला चड्डी म्हणतात म्हणून तू आठवडाभर त्यांची नक्कल केलीस. पण त्या अटीमुळेच आपण अंधारात पळतो, स्नेहल. गावाच्या नजरेतून सुटायला आपण पाटाच्या रस्त्यानं जातो, आणि तिथे कोण बघतंय याचा विचार केला नाही.

मी अजून मुद्द्यावर आलेली नाही. येते.

गांधी जयंतीच्या दुसऱ्या दिवशी, सूर्यभानच्या उसाजवळच्या मोरीवर तू बुटाची नाडी बांधायला वाकली होतीस. माझ्या कपाळावरच्या बॅटरीचा उजेड उसाच्या कडेला पडला. दोन डोळे होते. जमिनीपासून हातभर वर, हिरवट, अजिबात न हलणारे. मग ते वळले, आणि लांबलचक शेपूट सरींत शिरताना मी स्पष्ट पाहिलं. तू विचारलंस, "काय गं ताई?" मी म्हणाले, "कुत्रं."

कुत्रं नव्हतं ते.

त्या दिवशी परत येताना माझा वेग पडला. तुला वाटलं मी दमले. घरी जाऊन सांगते, म्हणाले. घरी गेल्यावर म्हणाले, शाळेत सांगते. शाळेत तू संस्कृतीच्या वाढदिवसाचे पेढे वाटत होतीस. मला माहीत होतं, सांगितलं की त्याच क्षणी तुझं पळणं बंद. सासूबाई उंबरा ओलांडू देणार नाहीत, आणि त्यांचं बरोबरच असेल. मग मला एकटीनं पळावं लागलं असतं. बेचाळीस किलोमीटरची मला भीती नव्हती. एकटीची होती. तू बरोबर असावीस म्हणून मी तुला सांगितलं नाही.

इथवर वाचून तू मला माफ करशीलही, तू तशी आहेस. म्हणून पुढचं लिहायला जास्त जड जातंय.

दुसऱ्या दिवशी मी तुला म्हणाले, रस्ता एका अंगाला उतरता आहे, माझा डावा गुडघा धरतो, मी पाटाकडून पळते. तू लगेच सरकलीस. "हो ताई, ये ना इकडे." त्या दिवसापासून परवापर्यंत, तीन आठवडे, तू उसाच्या कडेनं पळालीस आणि मी पाटाच्या. माझा गुडघा कधीच दुखत नव्हता.

मी ठरवून केलं का? रात्री अंथरुणात ठरवलं नव्हतं. पण सकाळी तोंडातून निघालं तेव्हा मला माहीत होतं ते कशासाठी आहे. आलाच, तर आधी तू.

लिहिलं. आता खोडणार नाही.

काल तू नव्हतीस. पाच वाजता बूट घालून मी दारात बसले. उठताच येईना. आमच्या कुंपणातली घूस सळसळली तरी मी दाराची कडी धरायचे. चांगलं उजाडल्यावर, ट्रॅक्टर सुरू झाल्यावर, चालत बायडाबाईच्या वस्तीवर गेले. आपल्याला पाणी देणारी म्हातारी, काही बोलत नाही असं आपण समजतो. पाण्याचा तांब्या देता देता म्हणाली, "म्याडम, तुमचा गुडगा कोंचा दुकतो?"

"डावा."

"मंग जाताना बी पाटाकडं आन् येताना बी पाटाकडं? येताना उतार उलटा व्हतो की. येताना उजवा दुकतो व्हय?"

मी तांब्या खाली ठेवला.

"तुमी पाह्यलाय त्येला," ती म्हणाली. "मला काय, मी कुनाला सांगत न्हाई. पन ती पोरगी लेकुरवाळी हाय."

परतताना मोरीपाशी थांबले. पाट झिरपून तिथे चिखल असतो ना? भाऊबीजेच्या सकाळीसुद्धा आठ किलोमीटर पळून मग तू पारनेरची एसटी धरलीस, तेव्हाचा तुझा बूट तिथे उमटलेला होता. टाचेवरची चांदणी ओळखू आली. आणि त्या चांदणीवर, बरोबर वर, पंजा होता. माझ्या तळहाताएवढा. तुझ्या मागोमाग किती वेळानं आला असेल, हे मला ठरवता येत नाही. वनरक्षक राधाकृष्ण यांनाही विचारलं. ते म्हणाले, "ठसा ताजा होता मॅडम, एवढंच सांगतो."

हो, मी वनखात्याला सांगितलं. तिथूनच फोन केला. संध्याकाळी पिंजरा आला. सूर्यभान सगळ्यांसमोर म्हणाला, "तीन आठवडे झाले, आन् आत्ता सांगता? माझी बायको रोज त्याच कडंनं गवताला जाती." मग तुमच्या घरी गेले. सासूबाईंना सगळं सांगितलं, बाजूचंसुद्धा. त्या ओरडतील म्हणून मी तयारी करून गेले होते. दाराबाहेर तुझे बूट होते, ते त्यांनी उचलून आत नेले आणि दार लावून घेतलं.

आज सकाळी, लख्ख उजेडात, बायडाबाईला डबा वाजवायला बरोबर घेऊन मी मोरीपर्यंत उसाच्या कडेनं चालले. राधाकृष्ण यांना कळलं तर रागावतील. पण मला बघायचं होतं, मी तुला कुठे ठेवलं होतं. तीनशे पावलं असतील. पाट दिसतो, पण हात पोहोचत नाही इतका लांब वाटतो. डाव्या कानात सारखी सळसळ, आणि आतलं काही म्हणजे काही दिसत नाही. आणि पानं लागतात, स्नेहल. मला माहीतच नव्हतं. दोन आठवड्यांपूर्वी स्टाफरूममध्ये तुझ्या हातावर ओरखडे बघून मी विचारलं होतं, हे काय? तू बाही खाली ओढून म्हणालीस, "काही नाही ताई, मांजर." तुला पानं लागत होती, आणि माझा गुडघा दुखतो म्हणून तू मला ते सांगितलं नाहीस.

सोमवारी तू येणार. पाटाच्या रस्त्यानं जाऊ नकोस, शाळा सुरू झाल्यावर पोरांनाही कुणी सोडू नये, एवढं आधी लक्षात ठेव. बाकी माझ्याशी बोलायचं की नाही, ते नंतर. नाव दिलंय, गाडी आली पाहिजे, म्हणून मी पळणार आहे. शाळेच्या मैदानाला फेऱ्या मारीन, एकटी. मला अजूनही भीती वाटते. बिबट्याची वाटते, आणि सोमवारी तू एसटीतून उतरून माझ्याकडे न बघता घरी जाशील याची त्याहून जास्त वाटते.

समर्थ हॉर्न वाजवतोय. 'तुझी' लिहायचं की नाही, ते तू ठरव, मी जागा सोडली आहे. तू कधी परत पळायला आलीस, तर तू पाटाकडून. माझ्या हातावर आज तुझ्यासारखेच ओरखडे उठलेत, ते धुतलेले नाहीत.

                    हेलन