राउटर पडतो तेव्हा घरात कोण होतं

६ ऑक्टो., सोम.
आज तीनदा पडला. सकाळी सव्वादहा, अकरा पन्नास, दुपारी तीन. मोठी फाइल उघडायला घेतली की राउटरचे सगळे दिवे जातात आणि दोन मिनिटांनी शहाण्यासारखे परत येतात. मेल चालतो, बायकोचा, सु.चा, तिच्या आईशी व्हिडिओ कॉल चालतो, फक्त आमच्या कामाच्या वेळी मरतो. हार्डडिस्क राउटरलाच जोडलेली. मी कॉम्प्युटरवर फिक्स्चरचं, म्हणजे मशीनवर जॉब धरून ठेवणाऱ्या पकडीचं, मॉडेल करतो, सु. आतल्या खोलीत त्यावरून ड्रॉइंग काढते, दोघांच्या फाइली त्याच डिस्कवर. चाकणच्या साहेबांना वीस तारखेच्या आत पूर्ण सेट हवाय, नाहीतर पुढचं काम दुसरीकडे. हे त्यांनी हसत सांगितलं. हसत सांगितलेलं मी जास्त मनावर घेतो.

हे दसऱ्यापासून सुरू आहे. त्याआधी दोन वर्षं तक्रार नाही. मग दसऱ्याच्या सुमाराला घरात नवीन काय आलं?

७ ऑक्टो.
दत्ता आला, दसऱ्याच्या दोन दिवस आधी. सु.चा धाकटा भाऊ. चाकणला कंत्राटी होता, महिनाअखेर कंत्राट संपलं, खोली सोडली आणि बॅग घेऊन पिंपळे गुरवला आमच्याकडे. दिवसभर हॉलमध्ये, मोबाइल हातात.
"काय बघतो रे एवढं?"
"काय न्हाई दाजी, कामाचंच."
कामाचं बघणारा माणूस कुणी आलं की मोबाइल पालथा का घालतो? बावीस वर्षं कंपनीत येणारा माल तपासायला होतो मी. पालथी ठेवलेली वस्तू मी आधी उलटून बघतो.

८ ऑक्टो.
तक्ता केला. वेळ, फाइल, घरात कोण. सात वेळा पडला, सातही वेळा दत्ता घरात. सु.ला दाखवला.
"सातही वेळा तुम्हीपण घरातच होतात," म्हणाली.
भावाचा विषय निघाला की हिला बरोबर मुद्दे सुचतात.

९ ऑक्टो.
नेटवाला येऊन गेला. वायरी त्याच ठेवून जुना डबा काढला, नवा लावला. "काका, लाइन एकदम क्लिअर आहे." तो भोसरीपर्यंत पोहोचला नसेल तोवर नवाही पडला. म्हणजे दोष राउटरचा नाही. लाइनचाही नाही. मग राहिलं कोण? दत्ता समोर बसून चहात पाव बुडवत होता. सिनेमे उतरवत असणार, दुसरं काय.

१० ऑक्टो.
पासवर्ड बदलला. सु.च्या लॅपटॉपवर मीच टाकला, तिला पलीकडे बघायला लावून. तरी दोनदा पडला. आता हा पासवर्ड त्याला मिळाला कुठून? जेवताना सु.ला सरळ विचारलं. तिने ताट सरकवलं आणि उठून गेली. उत्तर दिलं नाही हे इथे नोंदवून ठेवतो.

१२ ऑक्टो., रवि.
आज केलं. करायला हवं होतं की नको, अजून ठरत नाही.
"दत्ता, मोबाइल दे जरा."
त्याने कुलूप उघडून दिला. मी सगळं बघितलं. आयटीआयच्या सर्टिफिकेटचे फोटो, कुठेकुठे टाकलेले अर्ज. कंत्राटदाराला पाठवलेले मेसेज: 'साहेब काय हाय का', 'साहेब काय झालं', 'साहेब'. एकालाही उत्तर नाही. सिनेमा एकही नाही, वायफाय तर बंदच. मोबाइल पालथा का घालायचा ते मला तेव्हाच कळायला हवं होतं.
सु. स्वयंपाकघराच्या दारात उभी. "झालं बघून?"
मी म्हटलं, पुसून टाकलं असेल. मोठ्याने म्हटलं. तो तिथेच उभा होता.

१३ ऑक्टो.
दत्ता गेला. "चाकणला मित्राच्या खोलीवर ऱ्हातो दाजी, कंपन्यांच्या गेटवर चौकशीला सोपं पडतंय." पाया पडला. सु.ने डबा दिला, बसस्टॉपपर्यंत गेली, आली ती कामाला बसली. आता कळेलच.

१४ ऑक्टो.
अकरा वीसला पडला.
तक्ता समोर घेऊन बसलो. 'घरात कोण' या रकान्यात दोनच नावं. मग मनात आलं, सु.च रागाने मुद्दाम बटण बंद करत असेल. तिच्या पावलांचा कानोसाही घेतला. ती तिकडे निवांत माप टाकत होती. मला माझीच भीती वाटली.

१६ ऑक्टो.
दत्ता नसताना पाच वेळा. पेनड्राइव्ह घेऊन या खोलीतून त्या खोलीत फिरतोय. सु. हात पुढे करते, वर बघत नाही. काम मात्र चोख. ड्रॉइंगमध्ये एक चूक नाही, नाहीतर त्या निमित्ताने तरी बोलता आलं असतं.

१८ ऑक्टो., शनि. धनत्रयोदशी
सु.ने टीव्हीमागची जळमटं काढायला लावली. राउटरच्या अडॅप्टरला हात लागला तर चटकाच. काढला, भिंग घेऊन बारीक अक्षरं वाचली. अर्धा अँपिअर. सेट टॉप बॉक्सचा वाचला. दोन अँपिअर, वर राउटरच्या कंपनीचं नाव. रंग एक, पिन एक. नुसत्या नेटला अर्धा कसाबसा पुरत होता. फाइल ओढली, राउटरमधूनच वीज घेणारी डिस्क फिरायला लागली की त्याचा दम संपायचा. नेटवाल्याने डबा बदलला, अडॅप्टर तोच ठेवला.

अदलाबदल कुणी केली?

खंडेनवमीला पाटावर सगळं मांडलं होतं. राउटर, डिस्क, सेट टॉप बॉक्स, दोन्ही कॉम्प्युटर, माझं व्हर्निअर. वायरी मीच काढल्या. हळदकुंकू, झेंडू झाल्यावर मीच लावल्या. दत्ता आदल्या दिवशीच आलेला, म्हणाला, "दाजी, चिठ्ठ्या लावू का? कुणाचं कुणाला जाईल." मी म्हटलं, "बावीस वर्षं हेच केलंय रे, तू हार ओव."

काखेत कळसा, गावाला वळसा. आणि वाटेत दिसेल त्याला चोर म्हणायचं.

अडॅप्टर जागच्या जागी लावले. सगळ्यात मोठी असेंब्लीची फाइल ओढून बघितली, एका दमात आली. मला रडू यायचं तेवढं बाकी होतं.

१९ ऑक्टो.
सेट गेला. साहेबांचा अंगठा आला, पुढचंही काम देतो म्हणाले. सु.ला सगळं सांगितलं. वाटलं, भांडेल.
"मला कशाला सांगताय? मी तुम्हाला ओळखते. त्याला सांगा."
फोन लावला. "बोला दाजी." आवाज नेहमीसारखाच. मी म्हटलं, भाऊबीजेला ये. "येतो की." एवढं बोलून ठेवला. फोनवर कशाला, समोरासमोर सांगावं, असं मी ठरवलं. खरं तर धीर झाला नाही.

२३ ऑक्टो., गुरु. भाऊबीज
दत्ता आला. वाळलाय. काम अजून नाही. सु.ने ओवाळलं, त्याने बहिणीला साडी आणली, कुठून आणली देव जाणे. मी वाक्य तयार ठेवलं होतं. जेवणानंतर बोलणार होतो, तर त्यानेच विचारलं.
"दाजी, ते तुमचं बंद पडायचं, घावलं का काय ते?"
"सापडलं. अडॅप्टर."
तोंडातून एवढंच निघालं. सु. माझ्याकडे बघत राहिली.
"बरं झालं बघा," म्हणाला. हसत होता. "मला वाटलं, माझा पायगुणच तसा हाय. वायफाय तर मी कवाच बंद केलं व्हतं, तरी बी पडायचं. म्हणलं, कंपनीत गेलो तर तिथली लाइन बंद पडली, ताईकडं आलो तर हितलं काम बंद पडलं. म्हणून निघालो. तुमचं साहेबाचं काम तरी हुईल."

मी त्याला चोर ठरवलं होतं. त्याने स्वतःला अपशकुनी ठरवून घेतलं, तेही माझं काम अडू नये म्हणून. एवढ्या वर्षांत चांगला नग मी कधी नाकारला नाही, असं सगळ्यांना सांगत फिरायचो.

चारला निघायचं म्हणतोय. बसने नको, मी सोडतो म्हटलं. मोशीच्या पुढे चहाला थांबतो आणि सांगतो. सुरुवात जमत नाहीये, म्हणून इथे लिहून बघतोय.

दत्ता, खंडेनवमीच्या दिवशी मी

दत्ता, तुझा काहीएक

सु. आत आली. खांद्यावरून वही वाचली, स्कूटरची चावी वहीवर ठेवली. "तो खाली उभा आहे. आधी सांगून या, मग लिहा."