काही घेता का?

३ जाने., अमरावती
हर्नियाचं ऑपरेशन पुढे ढकललं. लिव्हरचा रिपोर्ट वाढलेला. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पूर्ण भूल दिली की लिव्हरला रक्त जरा कमी पोचतं. चांगलं लिव्हर निभावून नेतं, आधीच सुजलेलं बिघडू शकतं. मग हळूच, "काका, काही घेता का?" मी ठणकावून सांगितलं, "आजपर्यंत थेंब नाही!" विश्वास बसला नसावा. टॉवेल, थर्मास, सगळं घेऊन तसाच ऑटोने परत. बादली उचलली की दुखतंच आहे.

५ जाने.
अकोल्याहून मीनाचा फोन. दवाखान्यात मुलगी म्हणून तिचाच नंबर दिलेला, तिथून तिला कळलं. "बाबा, आई गेल्यापासून एकटे आहा तुमी. खरं सांगा, पेऊन राहिले का?" पोटच्या पोरीने विचारावं! "मी काहून पेऊ?" म्हणून फोन ठेवला. नुसता संताप. नंतर दिवसभर कोणाशी बोलणं नाही. रोजच्यासारखं.

८ जाने., अकोला
मीनाने ओढूनच आणलं. सकाळी सवयीने बाटलीतला गुळवेलीचा काढा ओतला. ती बघतच राहिली. "हे काय घेऊन राहिले?"
"तुह्या आईचा काढा."
कोरोनात हिने सुरू केला. अंगणातल्या कडुनिंबावर वेल चढवली. ही गेली, मी चालू ठेवला. मीनाने लगेच डॉक्टरीणबाईंना फोन लावला. बाई म्हणाल्या, अहो, हेच तर विचारत होते! गुळवेलीने कोणाकोणाचं लिव्हर सुजतं. बंद करा, महिनाभराने पुन्हा तपासू.
आता "घेता का" म्हणजे दारूशिवाय आणखी काही असतं, हे मला काय ठाऊक! मीना पोट धरून हसली. मीही हसलो. मग मोरीत चूळ भरताना रडू आलं.

१२ जाने., अमरावती
परत आलो. मीना राहा म्हणत होती, पण तिथे करमत नाही. इथे तरी कुठे... हिचं ते "घ्या, तोंड वाकडं नका करू," काढा पितानाच ऐकू यायचं. आज चहा घेतला. काही ऐकू आलं नाही.

९ फेब्रु.
रक्त देऊन आलो. रिपोर्ट उद्या. उतरला तर ऑपरेशन होईल, पण दोष हिच्या काढ्याचा ठरेल. नाही उतरला तर ही सुटली, मी अडकलो. वेल तोडवत नाही. पाणी घातलं.
मीनाचा फोन. "बाबा, चांगलाच येईन ना रिपोर्ट?"
"येईन," म्हटलं. कोणाच्या बाजूने बोललो, माझं मलाच कळेना.