गेर्नोटला मिळालेला गुच्छ

गेर्नोटच्या घरून, शनिवार

प्रिय वाल्बुर्गाताईस,
धाकटीचा नमस्कार. आम्ही ठीक आहोत. गेर्नोटचा गुडघा सुजलाय, पण ती सूज त्याच्या लग्नापेक्षा जुनी आहे. तुझा खोकला कसा आहे?

आज घरच्या मैदानावरचा फुटबॉल मोसमातला शेवटचा सामना झाला. क्लब ज्या खेळाडूंचा करार वाढवत नाही, त्यांना खेळाआधी गुच्छ देतात, तुला ठाऊकच आहे. सतरा वर्षं बचाव सांभाळणाऱ्या आपल्या पोराला, गेर्नोटला, कुणी एका शब्दाने कल्पना दिली नव्हती. अजून एक वर्ष मिळणार, असंच तो धरून होता. निघालेल्यांसाठी तो जोरात टाळ्या वाजवत होता आणि तेवढ्यात त्याचंच नाव पुकारलं.

मी क्लबच्या अध्यक्षांना गाठलं. "मी नन्सकडे शिकलेय, म्हणून सभ्यपणे विचारते. लाज कुठे ठेवलीत?"

"बाई, फुलं शहरातल्या सगळ्यात चांगल्या दुकानातली आहेत," ते म्हणाले.

घरी आल्यावर गेर्नोट म्हणाला, "आई, भांडू नकोस. फुलं पाण्यात ठेव." मी ठेवली. मग त्याने विचारलं, "सोमवारी सकाळी बाकीची माणसं काय करतात गं?"

ताई, याचं उत्तर तुला सुचलं तर कळव.

तुझी,
हेड्विग